माडीवरचा राउटर : साताऱ्यातील घरगुती वाय-फायची राखण

(दृश्य : शनिवार पेठेतील गल्ली. जुन्या वाड्याच्या माडीची उघडी खिडकी आणि खिडकीच्या फळीवर ठेवलेला राउटर.)

साताऱ्याच्या जुन्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी उतारावर वसलेल्या आहेत, त्यामुळे वरच्या आळीतील घराचे जोते अनेकदा खालच्या आळीतील घराच्या माडीच्या पातळीला येते. जुन्या वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्याच जाड असल्याने माजघरात ठेवलेल्या राउटरची रेंज स्वयंपाकघरापर्यंतही नीट पोहोचत नाही. म्हणून फायबर जोडायला आलेला मुलगा राउटर उचलून खिडकीत किंवा गॅलरीत ठेवतो. जाड भिंत रेडिओलहरी जितक्या अडवते तितक्या उघडी खिडकी अडवत नाही. परिणामी ज्या मागच्या खोलीसाठी दरमहा पैसे भरले जातात तेथे नेट अडखळते, आणि समोरच्या घराच्या ओट्यावर मात्र ते पूर्ण ताकदीने मिळते.

राउटरची जागा बदलून हा प्रश्न थोडा कमी होतो, सुटत नाही. लहरी घराच्या हद्दीत थांबत नाहीत. म्हणून त्या कोणाला वापरता येतील हे ठरवण्याचे काम पासवर्डवर आणि त्यामागच्या कूटलेखनावर, म्हणजे संदेश परक्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात पाठवण्याच्या पद्धतीवर, येते.

(दृश्य : जिन्यात उभा असलेला विद्यार्थी आणि दारात आलेल्या गृहिणी.)

“काकू, परीक्षेचा फॉर्म भरायचाय, शेवटची तारीख आहे. जरा वायफायचा पासवर्ड सांगता का?” असे कोणी विचारले, तर आपल्याकडे नाही म्हटले जात नाही, आणि म्हटले जावे असा या माहितीपटाचा आग्रहही नाही. आक्षेप आहे तो पासवर्ड ज्या पद्धतीने दिला जातो तिला. एका फोनमध्ये टाकलेला पासवर्ड त्या फोनपुरता राहत नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून कोणालाही जोडलेल्या नेटवर्कचा क्यूआर कोड आपल्या पडद्यावर दाखवता येतो. तो दुसऱ्याने स्कॅन केला की पासवर्ड पुढे जातो आणि घरमालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. फोन बदलला तरी खात्याच्या बॅकअपमधून तो नव्या फोनमध्ये पुन्हा येऊन बसतो. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेल्या वर्षी करंजे भागात राहायला गेले असतील, परंतु त्यांच्या फोनला आणि त्यांनी ज्यांना पासवर्ड दिला त्यांच्या फोनला या घराचे नेटवर्क अजूनही ओळखीचे असते.

यात बिघडते काय, असा प्रश्न येथे बहुतेक जण विचारतात. वेग कमी होतो हे सर्वांना समजते, पण तो सगळ्यांत किरकोळ तोटा आहे. घरातील फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि कॅमेरे बाहेरच्या इंटरनेटवर एकाच पत्त्याने वावरतात, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या ग्राहकाच्या खात्याशी जोडलेला असतो. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता एवढेच दिसते. त्या घरातल्या राउटरशी नेमका कोणाचा फोन जोडलेला होता हे तिला दिसत नाही.

महाराष्ट्राने याचा अनुभव २००८ मध्ये घेतला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचल्या, कारण ई-मेल त्यांच्या वाय-फाय जोडणीवरून गेला होता. ती जोडणी दुसऱ्याच कोणी वापरली होती. तरीही घर, संगणक आणि माणूस यांची चौकशी व्हायची ती झालीच. त्यानंतर मुंबईतील आणखी काही जोडण्यांचा असाच वापर झाला आणि २००९ च्या प्रारंभी केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा कंपन्यांना सूचना दिल्या. साताऱ्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या जोडणीवरून असे काही होण्याची शक्यता फार मोठी नाही हे मान्य करूनही, खोट्या खात्यावरून कोणाची बदनामी करणे किंवा कोणाला फसवणे यासाठी शेजारचे उघडे नेटवर्क सोयीचे असते, आणि पोलिसांची पहिली पायरी त्याच घराची असते.

(दृश्य : राउटरच्या तळाशी चिकटवलेला स्टिकर. त्यावरील अक्षरे धूसर केलेली.)

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. एक नेटवर्कला जोडून घेण्याचा, जो सर्वांना ठाऊक असतो. दुसरा राउटरच्या मांडणीत, म्हणजे सेटिंग्जमध्ये, शिरण्याचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता टाकल्यावर जे पान उघडते, त्याला लागणारा हा पासवर्ड अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो, कारण तो आहे हेच घरच्यांना कोणी सांगितलेले नसते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर ताब्यात घेतले ते अशाच कारखानी नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या वापरून. त्यासाठी कोणतेही कूटलेखन फोडावे लागले नाही. दुकानात बसवलेल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा पासवर्ड कधी बदलला होता, हे मोती चौकातील किंवा पोवई नाक्यावरील व्यापाऱ्यांनी स्वतःला एकदा विचारून पाहावे. ज्याच्या हाती मांडणीचा पासवर्ड जातो तो वाय-फायचा पासवर्ड पाहू शकतो, बदलू शकतो, आणि घरातील सर्व उपकरणांना भलत्याच संकेतस्थळाकडे वळवूही शकतो. म्हणून बदलायचा पहिला पासवर्ड हा आहे. त्याच पानावर बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटर हाताळण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी.

आता जोडणीच्या पासवर्डाकडे वळू. तो किमान आठ आणि कमाल ६३ अक्षरांचा असू शकतो, आणि अनेक घरांत तो घरमालकाचा मोबाइल क्रमांक असतो. दहा अंक म्हणजे पुष्कळ, असे वाटते. फोन आणि राउटर एकमेकांना ओळख पटवताना हवेतून जी देवाणघेवाण करतात ती जवळपास असलेल्या कोणालाही टिपून घेता येते. डब्ल्यूपीए-२ या कूटलेखनाच्या पद्धतीत ती टिपून घरी नेली की पुढचे अंदाज राउटरला न विचारता आपल्या संगणकावर हवे तितके करून पाहता येतात. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख अंदाज तपासणारी ग्राफिक्स कार्डे आज बाजारात मिळतात. अशा कार्डाला सर्व ४०० कोटी शक्यता संपवायला ४००० सेकंद, म्हणजे सव्वा तासापेक्षाही कमी वेळ लागतो. आणि ज्या शेजाऱ्याकडे आपला क्रमांक आधीच सेव्ह केलेला आहे, त्याला तेवढाही लागत नाही.

किल्ल्याचे नाव, कुलदैवताचे नाव, मुलीचे नाव आणि पुढे जन्मवर्ष, हे प्रकारही फार टिकणारे नाहीत. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. पाटा, टपाल, भोपळा, कंदील असे काहीतरी, अर्थात पडद्यावर आलेले हेच शब्द सोडून. असा पासवर्ड आजोबांनाही पाठ होतो आणि यादीतील शब्द तपासत जाणाऱ्या संगणकाला तो सहजी सापडत नाही. नेटवर्कचे नावही बदलणे योग्य, कारण पासवर्डावरून कूटलेखनाची किल्ली तयार होताना त्या नावाचा उपयोग केला जातो आणि कारखान्यातून आलेल्या सर्रास नावांसाठी अशा किल्ल्यांचे आधीच तयार करून ठेवलेले तक्ते उपलब्ध असतात. मात्र नव्या नावात आडनाव किंवा फ्लॅटचा क्रमांक घालू नये. कोणते नेटवर्क कोणत्या दाराआडचे हे गल्लीला जाहीर करण्याचे कारण नाही.

कूटलेखनाच्या पद्धतीचा पर्याय त्याच मांडणीत असतो. वेप ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली होती, तेव्हा ती कोठे दिसलीच तर चर्चा न करता बदलावी. २००४ पासूनची डब्ल्यूपीए-२ पद्धत चांगल्या पासवर्डासह आजही चालण्याजोगी आहे. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, त्यामुळे वर सांगितलेली घरी नेऊन फोडण्याची युक्ती तेथे लागू पडत नाही. घरात जुना टीव्ही किंवा प्रिंटर असेल आणि तो या पद्धतीला जोडला जात नसेल, तर दोन्ही पद्धती एकत्र चालवणारा मिश्र पर्याय निवडता येतो.

डब्ल्यूपीएस नावाचे बटण मात्र बंदच करावे. प्रिंटर किंवा रेंज वाढवणारे उपकरण पासवर्डाशिवाय जोडता यावे म्हणून ही सोय आली, आणि तिच्यात आठ अंकी पिनचाही मार्ग ठेवला गेला. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्या होत्या. परंतु राउटर त्या पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो. त्यामुळे पहिल्या भागासाठी १०,००० आणि दुसऱ्यासाठी १,००० अशा फक्त ११,००० प्रयत्नांत काम होते. ही उणीव डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली. पासवर्ड कितीही लांब असला तरी हा मार्ग उघडा असेल तर त्या लांबीचा उपयोग राहत नाही.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी.)

दोन उपाय असे आहेत ज्यांवर लोकांचा विश्वास फार आणि ज्यांचा उपयोग थोडा. पहिला, नेटवर्कचे नाव लपवण्याचा. लपवलेले नावही घरातील फोन जोडला जाताना हवेत उच्चारतोच, आणि असे फोन घराबाहेर, अगदी राजवाडा चौपाटीवर भेळ खातानाही, त्या नावाने हाका मारत राहू शकतात. दुसरा, ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे उपकरणांच्या ओळखक्रमांकांनाच, प्रवेश देण्याचा. ४८ बिटांचा हा पत्ता प्रत्येक संदेशाबरोबर उघडा जातो, तो ऐकून दुसऱ्या उपकरणाला देता येतो. शिवाय अलीकडचे अँड्रॉइड फोन आणि आयफोन प्रत्येक नेटवर्कसाठी कृत्रिम मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे या उपायाचा जाच घुसखोराला कमी आणि घरच्यांनाच जास्त होतो.

याच कृत्रिम पत्त्यांमुळे जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अनेकांची विनाकारण घाबरगुंडी उडते. यादीतील अनोळखी नाव कित्येकदा आपल्याच टीव्हीचे, इन्व्हर्टरचे किंवा सुनेच्या नव्या फोनचे निघते. योग्य रीत अशी की घरातील एकेका उपकरणाचे वाय-फाय बंद करत जावे आणि यादीतून काय नाहीसे होते ते पाहावे. सर्व बंद केल्यावरही जे उरते त्याचा विचार करावा.

राहिला प्रश्न फॉर्म भरायला आलेल्या मुलाचा. बहुतेक नव्या राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करता येते. त्याचा पासवर्ड निराळा असतो, त्यावरून घरातील लॅपटॉप, कॅमेरे आणि प्रिंटर सहसा दिसत नाहीत, आणि जूनमध्ये भाडेकरू बदलले की घरचे काहीही न हलवता तेवढाच पासवर्ड बदलता येतो. मात्र बाहेरच्या जगाला ते नेटवर्कही त्याच ग्राहकाचे दिसते, हे विसरता कामा नये. म्हणून ते कायम चालू न ठेवता गरजेपुरते चालू ठेवणे इष्ट. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि कंपनीने अद्ययावत करणे थांबवलेला राउटर बदलणे हे ओघाने आलेच.

आणि यादीत खरोखरच परके उपकरण सापडले तर जिन्यात उभे राहून कोणाला जाब विचारण्याची घाई करू नये. ते कोणाचे आहे हे यादीवरून सिद्ध होत नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केवळ फुकट नेट वापरले असेल तर दोन्ही पासवर्ड बदलल्यावर बहुधा विषय मिटतो. पण त्या जोडणीवरून काही गैरकृत्य झाल्याची शंका असेल, तर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी राउटर रिसेट करू नये. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबली की पासवर्डांबरोबर राउटरमधील नोंदीही पुसल्या जातात. म्हणून आधी जोडलेल्या उपकरणांच्या यादीचा, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो काढावा, मगच पासवर्ड बदलावेत.