खोकला नसलेला टीबी

नमस्कार मंडळी. समोर नर्सिंगच्या मुली आहेत, आशाताई आहेत, काही पेशंट आणि त्यांच्या घरचे पण आलेत, म्हणून जमेल तेवढं सोपं करून बोलते. एचआयव्ही आणि टीबी एकाच शरीरात आले की आपल्या प्रतिकारशक्तीचं काय होतं, हा आजचा विषय. २०२३ मध्ये जगभरात टीबीने जे गेले त्यातले १ लाख ६१ हजार जण एचआयव्ही असलेले होते. टीबी बरा होणारा आजार आहे, एचआयव्हीच्या गोळ्या आपल्याकडे २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी एवढी माणसं जातात. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की टीबी समोर असतो आणि आपल्याला तो ओळखू येत नाही.

टीबी म्हटलं की काय आठवतं? खोकला, थुंकीत रक्त, एक्स-रेमध्ये फुप्फुसाला पडलेलं भोक. आता हे भोक जंतू एकटा पाडत नाही हो, त्यात आपल्याच पेशींचा मोठा हात असतो. होतं काय, टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाची पेशी त्याला गिळते, पण तो पचत नाही, तिच्या पोटातच मुक्काम करतो, मग सीडी फोर नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी येतात, त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, ते मिळालं की मॅक्रोफेजला जोर चढतो आणि सगळ्या मिळून जंतूभोवती एक गाठ बांधून टाकतात. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेकांमध्ये जंतू या गाठीत जन्मभर कोंडलेला राहतो, शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच कधीतरी आजार होतो. ज्यांना होतो त्यांच्यात ही गाठ आतून सडून फुटते, पोकळी होते आणि जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतो. म्हणजे खोकला, ताप, पोकळी यातलं बरंचसं आपल्या प्रतिकाराच्या धडपडीतून येतं. एवढं एक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

एचआयव्ही राहतो कुठे, तर याच सीडी फोर पेशींमध्ये. आपल्याला वाटतं की काउंट, म्हणजे रक्तातल्या या पेशींचा आकडा, २०० च्या खाली गेला की मग टीबीची भीती. तसं नाहीये. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्याच वर्षात टीबीचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं, तेव्हा काउंट अजून बरे होते. टांझानियात म्बेयाला रक्ताचे नमुने तपासले तेव्हा याचं कारण कळायला लागलं. सगळ्या सीडी फोर पेशी सारख्याच वेगाने मरत नाहीत, टीबीला ओळखणाऱ्या पेशी सगळ्यात आधी जातात. सीएमव्ही नावाच्या दुसऱ्या एका व्हायरसला ओळखणाऱ्या पेशी स्वतःभोवती असं एक रसायन सोडतात की एचआयव्हीला आत शिरायचं दार अडून बसतं, टीबीवाल्या पेशी ते फारसं सोडत नाहीत, त्यामुळे त्या उघड्यावर पडतात. रिपोर्टवर आकडा चांगला दिसतो आणि नेमक्या कामाच्या पेशी गेलेल्या असतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या कितीतरी पेशंटचे जुने कागद डोळ्यासमोर आले.

आता उलट बाजू. एचआयव्ही झोपलेल्या पेशीत गप्प पडून राहू शकतो, त्याला वाढायला जागी पेशी लागते. टीबी नेमकं तेच करतो, पेशींना जागं ठेवतो. टीबीशी लढताना टीएनएफ नावाचं रसायन सुटतं, त्याने पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन चालू होतं, ते पेशीचे स्वतःचे जीन सुरू करायला असतं, पण एचआयव्हीच्या जीनच्या तोंडाशी पण त्याला बसायला जागा आहे. म्हणजे टीबीसाठी दिलेला हुकूम व्हायरसच्या पथ्यावर पडतो. एकाच पेशंटच्या फुप्फुसातून पाणी घेऊन बघितलं तर टीबी असलेल्या भागात व्हायरस जास्त सापडतो आणि स्वच्छ भागात कमी. एकाच माणसात!

हे कळलं की तपासण्या का फसतात ते पण कळतं. गाठ नीट बांधलीच जात नाही म्हणून पोकळी नाही, पोकळी नाही म्हणून थुंकीत जंतू कमी, म्हणून मायक्रोस्कोपखाली निगेटिव्ह. एक्स-रे कधीकधी चक्क नॉर्मल. मांटू टेस्ट, म्हणजे हातावर सुई टोचून करतात ती टीबीची तपासणी, तिचा फोड उठवायचं काम पण सीडी फोर पेशींचंच, त्या नाहीत तर हात सपाट. आणि जंतू मात्र लिम्फच्या गाठी, पोट, मेंदू, सगळीकडे पसरलेला. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाला दोन आठवड्यांचा खोकला आहे का असं विचारायचं नाही, खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यातलं एक जरी असलं, एक दिवसाचं असलं, तरी पुढे सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचे जीन शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायचं. लघवीची लॅम टेस्ट पण आहे, आणि तिचं असं आहे की काउंट जितका खाली तितकी ती जास्त उपयोगी, कारण तेव्हा जंतूचे अंश लघवीत जास्त उतरतात.

आता एक गोष्ट सांगते जी मला अजून टोचते. एक बाई होत्या, काउंट चाळीसच्या आसपास, टीबीची औषधं सुरू केली, मग एचआयव्हीची सुरू केली, तिसऱ्या आठवड्यात मानेच्या गाठी लिंबाएवढ्या झाल्या, ताप आला, आणि त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. कुणालाही वाटेल की औषध बाधलं. खरं तर काउंट वर यायला लागला होता, पेशी परत आल्या होत्या आणि इतके दिवस न दिसलेले जंतू त्यांना एकदम दिसले होते. याला आयरिस म्हणतात. चूक आमची होती, त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं की असं होऊ शकतं. पुढे त्या आल्या, बऱ्या झाल्या, पण मधले दोन महिने वाया गेले.

मग एचआयव्हीची गोळी उशिरा द्यावी का? कंबोडियात ६६१ पेशंटवर हे बघितलं, काउंट फार खाली असलेले लोक, २०११ मध्ये निकाल आला. टीबीचं औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत गोळी दिलेल्यांना आयरिस जास्त झाला, तरी मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, आठ आठवडे थांबलेल्यांपेक्षा. म्हणून लवकरच द्यायची. फक्त मेंदूचा टीबी असेल तर थांबायचं, कारण कवटीच्या आत सूज आली तर तिला पसरायला जागा नसते.

बाकीच्या इन्फेक्शनचं थोडक्यात. मलेरियाच्या तापात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, जवळजवळ दुप्पट होतो आणि काही आठवड्यांनी उतरतो, मलावीत हे मोजलंय. नागीण नाही, जननेंद्रियावरचं हर्पिस, त्याचा फोड भरून आला तरी तिथे सीडी फोर पेशी, म्हणजे एचआयव्हीला शिरायची जागा, कितीतरी आठवडे गोळा राहतात, म्हणून असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध देऊन एचआयव्हीचा प्रसार थांबेल ही आशा पुरी झाली नाही. कावीळ बी मध्ये पण व्हायरसपेक्षा आपला प्रतिकारच लिव्हर बिघडवतो, त्यामुळे एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्यावर तिथे पण आयरिससारखं होऊ शकतं, आणि त्यातली टेनोफोव्हिर ही गोळी दोन्ही व्हायरसवर चालत असल्यामुळे ती मध्येच सोडली तर कावीळ उसळते.

मागून एका ताईंनी विचारलं, माझ्या भाच्याचा काउंट सहाशे आहे, व्हायरल लोड दिसत नाही, तरी त्याला टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड हे टीबीचं औषध कशाला? ताई, मघाशी ज्या पेशी आधी जातात म्हटलं ना, आकडा भरला तरी त्या सगळ्या परत येतात असं नाही. एचआयव्हीच्या गोळीने टीबीचा धोका साधारण ६५ टक्के कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आयव्हरी कोस्टमध्ये २०१५ ला दिसलं की आयसोनियाझिडचा फायदा एचआयव्हीच्या गोळीच्या फायद्याच्या वर वेगळा मिळतो. फक्त सुरू करायच्या आधी खोकला, ताप, घाम, वजन हे चार प्रश्न विचारून घ्या त्याला, कारण आत टीबी चालू असताना एकटं आयसोनियाझिड दिलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. आणि सोबत बी सिक्सची गोळी देतात ती पण घेतोय का बघा, नाहीतर पायाला मुंग्या येतात आणि मुलं त्यापायी सगळंच सोडून देतात.