खिशातल्या मोबाईलची बॅटरी कोण खातं?

(दृश्य: रात्रीचं ओलित. हरभऱ्याच्या वावरात पाण्याचा दांड, त्यावरून सरकणारा टॉर्चचा उजेड. लांबून पंपाचा आवाज.)

निवेदन:

पंपाला रात्रपाळीची वीज असली की हरभऱ्याचं ओलित मोबाईलच्या उजेडात होतं. टॉर्च त्याचीच, घरी निरोप त्यावरूनच, आणि लाईन आली की मोबाईल स्टार्टरचा, म्हणजे फोनवरून पंप चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, कॉलही त्यावरच. जागलीवर बसणाऱ्यांचं वेगळं नाही. रानडुकरं आणि रोही हाकलायला रात्रभर मोबाईल सोबत लागतो. पण सांजेला पूर्ण भरलेली बॅटरी मध्यरात्रीच वीस टक्क्यांवर आलेली असते. टॉर्च तर अर्धा तासही लागलेली नसते.

ही बॅटरी खाणारी ॲप्स पडद्यावर दिसत नाहीत. ती मागे, म्हणजे बॅकग्राउंडला चालतात.

मोबाईल सुरू झाला की अँड्रॉइड आतल्या ॲप्सना तशी सूचना पाठवते. ज्यांनी ती ऐकण्याची परवानगी घेतलेली असते ती ॲप्स लगेच उठतात. कॅमेरा किंवा लोकेशनसारखी ही परवानगी आपल्याला विचारली जात नाही. ॲप बसवलं की ती आपोआप मिळते. पुढे दिवसभर उठायची निमित्तं असतातच. ठरलेली वेळ झाली, नेट मिळालं, चार्जर लावला, सर्व्हरवरून संदेश आला, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या ॲपनं हाक मारली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ॲप मेमरीत नुसतं पडून असेल तर त्याला बॅटरी जवळजवळ लागत नाही. खर्च होतो तो ते जागं होऊन नेटवर जातं तेव्हा. आणि हा खर्च नागपूरच्या सीताबर्डीत वेगळा, एटापल्ली किंवा धारणीच्या आतल्या गावात वेगळा.

(दृश्य: टेकडीमागचं गाव. मोबाईलच्या पडद्यावर रेंजची एकच कांडी, मध्येच तीही जाते.)

टॉवर जवळ असला तर मोबाईलला हळू बोलून भागतं. टॉवर लांब असला की त्याला ताकद वाढवावी लागते. 4जी मोबाईल जास्तीत जास्त साधारण 200 मिलिवॅट ताकदीनं सिग्नल पाठवतो. टॉवरजवळ त्याच्या शेकडो पट कमी ताकद पुरते. शिवाय छोटासा निरोप पाठवून झाला तरी मोबाईलचा रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून तो साधारण दहा सेकंद जागाच राहतो. म्हणजे एखाद्या शॉपिंग ॲपनं दोन ओळींची जाहिरात आणली तरी तेवढ्यासाठी रेडिओ पूर्ण उठतो. रेंज तुटक असेल तर निरोप अर्ध्यात अडकतो, ॲप पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा अडकतं. तीच तीस-चाळीस ॲप्स घेऊन शहरात दिवस काढणारा मोबाईल गावी आला की दुपारीच मान टाकतो, त्याचं कारण हे आहे.

आता त्यावरच्या सगळ्यात लोकप्रिय उपायाकडे येऊ. खालचं चौकोनी बटण दाबायचं आणि उघडलेली सगळी ॲप्स सरकवून टाकायची. त्यानं पडदा मोकळा दिसतो, एवढंच. सरकवलेलं ॲप वर सांगितलेल्या कुठल्याही निमित्तानं पुन्हा उठतं. रोजची ॲप्स परत उघडताना मात्र सगळं पहिल्यापासून मेमरीत आणावं लागतं, आणि त्यात जास्त वीज जाते. मेमरी कमी पडली तर जुनी ॲप्स काढून टाकायचं काम अँड्रॉइड स्वतःच करते. रॅम साफ करणारी, बॅटरी वाढवून देतो म्हणणारी ॲप्स तर घेऊच नका. ती स्वतःच दिवसभर मागे चालतात आणि वर जाहिराती दाखवतात.

खरे उपाय चार. नावं सारखी वाटली तरी प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला, ऑटोस्टार्ट बंद करणं. यानं ॲप आपल्या मनानं सुरू होत नाही, पण आपण उघडलं की नेहमीसारखं चालतं. हा पर्याय मूळ अँड्रॉइडमध्ये नसतो. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या कंपन्यांनी तो आपापल्या परीनं घातला आहे.

दुसरा, बॅटरीची मर्यादा. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, आत 'बॅटरी' असेल. तिथे बहुधा तीन पर्याय दिसतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड आणि रिस्ट्रिक्टेड. बहुतेक ॲप्स मुळात मधल्या पर्यायावर असतात. क्वचित लागणारं ॲप रिस्ट्रिक्टेडवर टाका, म्हणजे मागे चालायची त्याची मुभा जवळजवळ संपते.

तिसरा, बॅकग्राउंड डेटा. तोही 'ॲप इन्फो'मध्येच, 'मोबाईल डेटा' या नावाखाली. तो बंद केला की ॲप मागे जागं झालं तरी मोबाईलच्या नेटवर जाऊ शकत नाही. रेंज कमी असलेल्या गावात आम्ही पहिलं बोट याच बटणावर ठेवायला सांगू. चारांत सर्वात जास्त फरक यानंच पडतो.

चौथा, फोर्स स्टॉप. ॲप तिथल्या तिथे थांबतं, आणि आपण स्वतः उघडेपर्यंत त्याला कुठलीही सूचना पोचत नाही. अडकलेल्या ॲपसाठी हा चांगला. रोजच्या वापराला नाही, कारण ॲप एकदा उघडलं की हा परिणाम संपतो.

(दृश्य: मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल. एकाशेजारी एक चार मोबाईल, चारही पडद्यांवर सेटिंग्ज उघडलेल्या.)

आता कुठे जायचं ते. शाओमी, रेडमी आणि पोकोमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, परमिशन्स, ऑटोस्टार्ट. समोर यादी येते. नको त्याचं बटण बंद करायचं. विवोमध्ये जुन्या मोबाईलवर आय मॅनेजरमध्ये, नव्यांवर सेटिंग्जमधल्या ॲप्स आणि परमिशनखाली ऑटोस्टार्ट मिळतो. बॅटरीच्या पानावर बॅकग्राउंडला जास्त वीज घेणाऱ्या ॲप्सची वेगळी यादी असते, तीही पाहा. ओप्पो आणि रिअलमीमध्ये ॲप्सखाली 'ऑटो लाँच', शिवाय प्रत्येक ॲपच्या बॅटरी पानावर 'अलाव बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी'. सॅमसंगची रीत वेगळी आहे: सेटिंग्ज, बॅटरी, बॅकग्राउंड युसेज लिमिट्स. तिथे 'डीप स्लीपिंग ॲप्स'मध्ये टाकलेलं ॲप आपण उघडल्याशिवाय हलत नाही, आणि 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये टाकलेल्याला कोणी झोपवत नाही. मॉडेलप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. सेटिंग्जच्या वरच्या शोध चौकटीत 'ऑटो' किंवा 'बॅकग्राउंड' टाईप केलं तर बहुतेक वेळा नेमकं पान समोर येतं.

बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचा, आणि तिथे 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' शून्य करायची, असा सल्ला फिरत असतो. तो ऐकू नका. कामाची ॲप्सही त्यात मरतात, आणि मोबाईल बंद-चालू केला की ती सेटिंग तशीही निघून जाते.

आता कोणाला झोपवायचं? शॉपिंग, गेम, छोटे व्हिडिओ, बातम्या, कर्ज देणारी ॲप्स, वर्षातून दोनदा लागणारं रेल्वे तिकिटाचं ॲप: खुशाल झोपवा. मोबाईलसोबत आलेली, काढता न येणारी ॲप्स 'डिसेबल' होत असतील तर करा. लॉक पडद्यावर सारखे नवे फोटो आणि बातम्या आणणारी सेवा सेटिंग्जमधून बंद करा. ती डेटाही खाते. पैसे पाठवायचं यूपीआय ॲप मागे चालायची गरज नाही, व्यवहार करताना ते आपण उघडतोच, आणि खात्यात पैसे आल्याचा बँकेचा एसएमएस ॲपवर अवलंबून नसतो. कॉल आणि एसएमएसवर चालणाऱ्या पंपाच्या स्टार्टरलाही हेच लागू. त्याला रेंज लागते, ॲप नाही.

व्हॉट्सॲपला मात्र हात लावू नका. ते रिस्ट्रिक्टेड केलं की बऱ्याचदा मेसेज येतात ते आपण ॲप उघडल्यावरच, आणि कॉलही वाजत नाही. "कॉल केला, लागला नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. त्याचा ऑटोस्टार्ट चालू ठेवा. तोडायचं ते त्याचं मीडिया ऑटो डाउनलोड. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, तिथे 'व्हेन युजिंग मोबाईल डेटा'खालच्या चारही खुणा काढून टाका. गावातल्या पाच-सहा ग्रुपवरचे शुभ सकाळचे फोटो आपण दाबल्याशिवाय उतरणार नाहीत.

(दृश्य: जूनचं आभाळ, पेरणीचं वावर, लांबवर वीज चमकते.)

आणि एक ॲप असं आहे की बॅटरी गेली तरी चालेल, पण ते जागं राहिलं पाहिजे. दामिनी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं हे ॲप तुमच्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर इशारा देतं. विदर्भात पेरणी-निंदणीच्या दिवसांत आणि पावसाळा परततानाही वीज पडून वावरात माणसं दगावतात. दामिनी ऑप्टिमाइज्डवर असेल तर इशारा उशिरा येऊ शकतो. रिस्ट्रिक्टेडवर असेल तर येणारही नाही. तिची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड ठेवा, ऑटोस्टार्ट चालू, आणि लोकेशन 'अलाव ऑल द टाईम'. बाकी जवळजवळ सगळ्या ॲप्सचं लोकेशन 'ओन्ली व्हाईल युजिंग द ॲप' वर आणा.

सरकारी कामाच्या ॲप्सचं गणित वेगळं. ई-पीक पाहणी, रोजगार हमीच्या हजेरीचं एनएमएमएस, अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर ही ॲप्स स्वतःहून सुरू व्हायची गरज नसते. पण अपलोड चालू असताना दुसऱ्या ॲपवर गेलात आणि मागे डेटा बंद असला, तर फोटो अर्ध्यातच अडकतो. धुऱ्यावर उभं राहून पाहणी भरली तर अपलोड पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत ते पान समोर ठेवा, पडदा बंद होऊ देऊ नका.

मोबाईल किती जुना यावरही बरंच ठरतं. पडदा बंद करून मोबाईल स्थिर ठेवला की ॲप्सची कामं रोखून मधूनमधूनच करू देणारी 'डोझ' ही सोय अँड्रॉइड 6 मध्ये, 2015 साली आली. खिशात हलत असतानाही तिचा हलका प्रकार चालावा ही सुधारणा पुढच्या वर्षी, अँड्रॉइड 7 मध्ये. ॲप्सच्या मागे चालण्यावर खरी बंधनं आली ती 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून. त्याआधीचा मोबाईल अजून वापरात असेल, तर त्यात ॲप्स कमी ठेवणं एवढाच पक्का मार्ग. अँड्रॉइड 13 आणि पुढच्या बऱ्याच मोबाईलवर सूचनांचा पडदा दोनदा खाली ओढला की तळाशी सध्या चालू असलेल्या ॲप्सचा आकडा दिसतो. त्यावर दाबा, समोर 'स्टॉप' असतं. काही कंपन्यांनी हा आकडा झाकून टाकला आहे.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे पारा पंचेचाळीस ओलांडतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापली की मोबाईल चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला आणि आत दहा ॲप्स नेटशी झगडत असलेला मोबाईल म्हणूनच तासाभरात जेमतेम पाच-दहा टक्के घेतो. दुपारी चार्जिंग करायचंच असेल तर मोबाईल डेटा बंद करा, कव्हर काढा, सावलीतल्या फरशीवर ठेवा. कॉल येत राहतील.

(दृश्य: पडद्यावर व्हॉट्सॲपवर आलेली फाईल, नावाच्या शेवटी 'एपीके'.)

ऑटोस्टार्टच्या यादीत ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर थांबा. पीएम किसान किंवा बँकेच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवणारी फाईल पाठवून ठकवतात. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि मागे बसून ओटीपी पळवतं. आधी विमान मोड लावा. मग ॲप काढा. 'अनइन्स्टॉल' दाबता येत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' शोधून तिथली त्याची खूण काढा, 'ॲक्सेसिबिलिटी'मध्येही ते चालू दिसलं तर बंद करा, आणि पुन्हा अनइन्स्टॉल करा. पैसे गेले असतील तर दुसऱ्या मोबाईलवरून लगेच 1930 ला फोन.

एवढं सगळं केल्यावर फरक पडला का, हे दोन रात्रींत मोजता येतं. पहिल्या रात्री झोपताना बॅटरीचा आकडा कागदावर लिहा, मोबाईल नेहमीसारखा ठेवा, सकाळी आकडा पाहा. दुसऱ्या रात्री तेच, पण विमान मोडवर. पहिल्या रात्री पंधरा-वीस टक्के गेले आणि दुसऱ्या रात्री दोन-तीन, तर खाणारे नेट आणि ॲप्सच आहेत. बॅटरी युसेजच्या पानावर वरची चार नावं बघा आणि त्यांच्यापासून सुरुवात करा. मोठ्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर ही सेटिंग्ज पुन्हा तपासायला हवीत, कधीकधी ती पहिल्यासारखी होऊन बसतात.

दोन्ही रात्री सारखीच घट दिसली, तर एखादं ॲप नेटशिवायही मोबाईल जागा ठेवत असेल. सेफ मोडमध्ये एक रात्र काढून पाहा. त्यात आपण बसवलेली ॲप्स चालत नाहीत. तरीही घट तेवढीच असेल तर बहुधा बॅटरीच थकली आहे, ती बदला. आणि मागचं झाकण किंचित वर आलेलं, पडदा कडेनं उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो मोबाईल चार्जिंगला लावू नका, दाबूनही पाहू नका; बंद करून तसाच दुकानात न्या.