बेनिफिट म्हणजे फायदा नाही हो!

(इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळात झालेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडंसं नीट केलंय.)

माइक चालू आहे ना? मागे येतंय ऐकू? बरं. पत्रिकेत छापलंय "सरकारी मदतीचे इंग्रजी शब्द, वाक्यांसकट", आणि मी खरंच पंचवीस लिहून आणलेत, हा बघा कागद. पण आधी एक किस्सा सांगतो, कारण त्याच्याशिवाय हा विषय मला सुचलाच नसता.

मागचा नोव्हेंबर. लाइफ सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत असल्याचा दाखला. इथे अर्धी सभा पेन्शनर आहे, तुम्हाला काय वेगळं सांगू. बँकेत गेलो, कोणती ते नाही सांगत, तासभर रांगेत उभा राह्यलो, मग त्या काउंटरवरच्या मुलीने अंगठा मशीनवर ठेवायला लावला. लाल दिवा. पुसून परत ठेवला, परत लाल. ती म्हणते, "अंकल, अंगूठा सिर पे घिसो." म्हणजे केसांचं तेल लागलं की ठसा उठतो म्हणे. आता माझ्या डोक्यावर घासायला काय शिल्लक आहे ते तुम्हाला पहिल्या रांगेतून दिसतंयच. (हशा) मागे उभ्या एक काकू म्हणाल्या, "भाऊ, माझ्या वेणीला घासा हवं तर!" सगळी रांग हसून राह्यली आणि ती मुलगी मात्र स्क्रीनकडे बघत अगदी शांतपणे, "सर, आप सिस्टम में जीवित नहीं आ रहे."

मी तिच्यासमोर उभा, घाम पुसतोय, आणि जिवंत नाही! मास्तर चिडला की इंग्रजीत शिरतो, छत्तीस वर्षांची खोड. म्हटलं, "मॅडम, आय अ‍ॅम हिअर टू क्लेम माय पेन्शन." तर ती म्हणते, "क्लेम का काउंटर अलग है सर, तीन नंबर." गेलो ना तीन नंबरला. तिथे मला विचारतात, "मृतक आपके कौन थे?"

(बराच वेळ हशा)

हसा, हसा. पण घरी येताना डोक्यात तेच, की आपल्याकडे क्लेम हा शब्द माणूस गेल्यावरच का निघतो? जिवंतपणी आपण लाभार्थी. माझी पुतणी इंग्लंडात लीड्सला असते, तिने एकदा फोनवर सांगितलं, शेजारीण "इज ऑन बेनिफिट्स". वहिनी म्हणाली, वा, चांगली कंपनी दिसते, फायदे देते! आता ते फायदे नव्हेत, तिथल्या सरकारकडून दर महिन्याला मिळणारे पैसे. ते "ऑन" मात्र आपल्याला अवघड जाऊ नये, आपणही म्हणतोच ना, पेन्शनवर घर चालतं, तसंच ते. पण पैसे घेणाऱ्याला तिथल्या कागदावर म्हणतात क्लेमंट. वाक्य लिहून घ्या: "शी इज क्लेमिंग युनिव्हर्सल क्रेडिट." युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी कमाईवाल्यांना आणि बेकारांना तिथलं सरकार देतं ती मदत. ती मागते, हक्काने मागते. आपला लाभार्थी म्हणजे ज्याला लाभ हवाय तो, जसा विद्यार्थी, भिक्षार्थी. एका शब्दात माणूस हात पसरून उभा राहतो आणि दुसऱ्यात टेबलावर हात आपटतो. माझं म्हणणं एवढंच आहे, गेली दोन वर्षं घरी ऐकून ऐकून सगळे कंटाळलेत म्हणून इथे आणलं.

वेल्फेअरचंही तसंच. अमेरिकेत "ऑन वेल्फेअर" म्हटलं की टोमणा वाटतो. आपल्याकडे कारखान्यांचा 1948 चा कायदा होता ना, त्यात पाचशे किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा, म्हणजे आपल्या मिलवाल्या घरांत वेल्फेअर म्हणजे कँटीन आणि पाळणाघर. बोलायच्या आधी देश बघून घ्या.

बेकारीच्या पैशाला ब्रिटिश लोक "डोल" म्हणतात. आपला विहिरीतला डोल नव्हे हो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाटा. "ही इज ऑन द डोल", हे आपसांत बोलायचं, अर्जात लिहायचं नाही. आणि उलट्या बाजूने, आपला भत्ता इंग्रजांनी उचलला, "बट्टा" केला, आणि 1766 मध्ये क्लाइव्हने हा डबल बट्टा बंद केला म्हणून त्याच्याच गोऱ्या अफसरांनी बंड केलं! डीएसाठी, म्हणजे महागाई भत्त्यासाठी, आपण निदान मोर्चावरच थांबतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, अजून सतरा-अठरा शब्द आहेत... बरं, पळतो.

मीन्स टेस्ट. इथे मीन्स म्हणजे पैसाअडका, ऐपत. 1931 मध्ये ब्रिटनमध्ये बेकारांच्या घरी माणूस यायचा, खुर्च्या-टेबलं बघायचा, विकता येण्यासारखं काही आहे का. आपल्या 2011 च्या गरीब घरं शोधायच्या सर्वेत खेड्यांत फ्रिज किंवा मोटरसायकल दिसली की घर यादीबाहेर, हीही तसलीच टेस्ट. वाक्य: "धिस बेनिफिट इज मीन्स-टेस्टेड."

सिक नोट. डॉक्टरची आजारपणाची चिठ्ठी. 2010 पासून ब्रिटनमध्ये तिचं नाव फिट नोट, माणूस तितकाच आजारी. सात दिवसांपेक्षा जास्त आजारी असलात तरच लागते. "आय नीड अ फिट नोट" म्हणजे मी ठणठणीत आहे असं कृपा करून समजू नका.

एलिजिबल आणि एंटायटल्ड, हे दोन्ही आपण पात्र करून टाकतो. एलिजिबल म्हणजे अटीत बसतो, एंटायटल्ड म्हणजे त्याला मिळालंच पाहिजे. फरक मोठा आहे, पण वेळ नाही.

आणि शेवटचा, ड्यूज. हा बेनिफिट नव्हेच, ही थकलेली देणी. आपली हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि मजुरांच्या देण्यांचा 224 कोटींचा चेक निघाला 2023 च्या डिसेंबरात. "द वर्कर्स वेटेड थर्टी-टू इयर्स फॉर देअर ड्यूज." हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या, ग्रामरपण त्यात आलं. तोवर त्यातल्या कित्येकांच्या घरचे तीन नंबरच्याच काउंटरवर उभे होते.

हो हो, उठतो. भजनाच्या बायका पेटी घेऊन दारात उभ्या आहेत. बाकीच्या शब्दांच्या झेरॉक्स चपलांपाशी ठेवल्यात, एकेकच घ्या, मोजून काढल्यात.