सिलिंडर माझा, गॅस दोघांचा

हे पाणी बघा, इतकं नितळ की तळाची वाळू हाताला लागेल असं वाटतं. ही फ्लोरिडातली जिनी स्प्रिंग्ज, सांता फे नदीच्या काठावर, हाय स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावाजवळ. चुनखडीच्या खडकातून जमिनीखालचं पाणी इथे उसळून वर येतं, बारा महिने २२ अंशांच्या आसपास, आणि ते ज्या वाटेने बाहेर येतं त्याच वाटेने आपण उलटं आत शिरायचं, हेच केव्ह डायव्हिंग.

मी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो तो मालवणला. तिथे काही बिनसलंच तर सावकाश वर यायचं, वर होडी असते, माणसं असतात. इथे वर दगड असतो. मास्क फुटला, दिवा गेला, गॅस (म्हणजे सिलिंडरमधली श्वासाची हवा) संपला, काहीही झालं तरी जितकं आत गेलात तितकंच परत यायचं आणि मगच वर, त्यामुळे जे काय सोडवायचं ते तिथेच, पाण्यातच सोडवायचं.

गुहेच्या तोंडाशीच बोर्ड आहे. त्यावर काळा झगा घातलेला सांगाडा, हातात कोयता, आणि लिहिलंय की अशाच गुहांमध्ये ३०० पेक्षा जास्त डायव्हर मेलेत आणि त्यात डायव्हिंग शिकवणारे इन्स्ट्रक्टरही होते. ज्याचं केव्हचं ट्रेनिंग झालेलं नाही त्याला इथल्या डेव्हिल्स नावाच्या भागात दिवा घेऊनच जाऊ देत नाहीत. दिवा नसला की अंधारात डोकावायचा मोहच होत नाही, साधा उपाय आहे पण मला फार शहाणपणाचा वाटतो.

हे नियम आले कुठून? शेक एक्सली नावाचा माणूस होता, जन्म १९४९ चा, फ्लोरिडातल्या शाळेत गणित शिकवायचा. हजार केव्ह डाइव्ह पूर्ण करणारा पहिला माणूस. तो बसून मेलेल्यांचे रिपोर्ट वाचायचा, एकेक अपघात कसा झाला, कुठे चुकलं, आणि १९७९ साली त्याने ते सगळं एका छोट्या पुस्तकात मांडलं. त्याला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखली नव्हती, आणि झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. पुढे त्यात ट्रेनिंग आणि दिवे हे दोन मुद्दे जोडले गेले. दिवे तीन, एक मोठा आणि दोन बॅकअप. एक्सली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोनच्या खोल विवरात गेला तो जिवंत परत आला नाही. पण त्याच्या त्या यादीने किती जणांना घरी पोचवलंय ते मोजताच येणार नाही.

आता तो तिसऱ्या हिश्श्याचा नियम, म्हणजे एक हिस्सा आत जायला आणि दोन राखून ठेवायचे, नीट समजून घेऊया, कारण पुष्कळ जण तो पाठ करतात पण त्यात काय दडलंय ते बघत नाहीत. पाठीवर १२ लिटरचे दोन सिलिंडर, एकूण २४ लिटर, २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेले. तिसरा हिस्सा ६६ येतो, आपण खाली उतरवून ६० धरतो, म्हणजे दाब दाखवणारा गेज १४० ला आला की परत फिरायचं. वरती माणूस मिनिटाला साधारण २० लिटर घेतो असं धरा, ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे ८० लिटर. ६० बार म्हणजे ६० गुणिले २४, १४४० लिटर, आत जायला १८ मिनिटं. ठीक.

आता सगळ्यात वाईट जागा, सगळ्यात आतलं टोक, आणि तिथे जोडीदाराचा गॅस पूर्ण गेला. तुमच्याकडे उरलेत ३३६० लिटर, आणि आता त्यावर दोघं आहेत. दोघांचे मिळून मिनिटाला १६०, बाहेर यायला १८ मिनिटं, म्हणजे २८८०. जेमतेम भागलं. पण ज्याचा गॅस आत्ताच संपलाय तो शांतपणे २० लिटर घेईल का? आणि तुम्ही तरी घ्याल का? दोघांचं २० चं ३० लिटर झालं की त्या खोलीवर मिनिटाला २४० लागतात आणि तुमचा गॅस १४ मिनिटांत संपतो. वाट १८ मिनिटांची आहे.

जिनीत पाण्याचा जोर बाहेरच्या दिशेला असतो, तो परतताना ढकलतो म्हणून थोडं भागून जातं. मेक्सिकोत युकातानच्या सेनोटेंमध्ये, म्हणजे चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या विवरांमध्ये, असा जोर जवळपास नसतो, तिथे तिसरा हिस्सा जास्तच होतो, आणि मी तरी कमीच वापरतो. माझ्या पाठीवरचा एक तृतीयांश गॅस माझा नाहीच, तो जोडीदाराचा आहे, मी फक्त वाहून नेतोय. हे एकदा डोक्यात बसलं की गेज बघायची नजरच बदलते.

हा सेट बघा. तोंडातल्या रेग्युलेटरची, म्हणजे ज्यातून श्वास घेतो त्याची, होज (नळी) ७ फुटांची आहे, छातीवरून फिरवून मानेमागून आणलेली. जोडीदाराला गॅस लागला तर हाच तोंडातला काढून द्यायचा, कारण तो चालतोय हे माहीत असतं, आणि दुसरा हनुवटीखाली रबराच्या फासात लटकलेला असतो तो आपण घ्यायचा. लांबी इतकी का, तर अरुंद फटीतून दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत, एकामागे एक यावं लागतं.

ट्रेनिंगमध्ये हे डोळ्यांवर पट्टी बांधून करून घेतात. माझ्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी दोरीभोवती सैल धरलेली, दुसऱ्याचा हात माझ्या दंडावर. दंड पुढे ढकलला की पुढे, घट्ट दाबला की थांब, मागे ओढला की मागे. मग दोरीवर काहीतरी कडक लागलं, प्लॅस्टिकचा त्रिकोण. तो बोटाने चाचपायचा, टोक कुठे आहे ते बघायचं, म्हणजे बोटानेच बघायचं. टोक असतं ती बाहेरची दिशा. त्या अंधारात ते टोक बोटाला लागलं तेव्हा जो धीर आला तो मी अजून विसरलेलो नाही.

आणि अंगठा. पाण्यात अंगठा वर केला की डाइव्ह संपली. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता. एकदा चार तास गाडी चालवून आलो होतो आणि दहाव्या मिनिटाला जोडीदाराने अंगठा दाखवला. मीही दाखवला आणि वळलो. वर आल्यावरसुद्धा का ते विचारायचं नाही, त्याला वाटलं तर तो सांगेल. विचारायला लागलो तर पुढच्या वेळी तो अंगठा वर करायच्या आधी विचार करत बसेल, आणि तेच नकोय.

२०१८ ची थायलंडची गुहा आठवत असेल, थाम लुआंग, १२ मुलं आणि त्यांचा कोच. आपल्या बातम्यांत तेव्हा किर्लोस्करचं नाव आलं होतं, पाणी उपसण्याच्या कामात त्यांची माणसं मदतीला गेली होती. तिथे वाटेवर ठिकठिकाणी सिलिंडर ठेवत गेले होते, कारण एकाच्या पाठीवरचा गॅस पुरणारच नव्हता. त्याच कामात ६ जुलैला समन कुनान मरण पावला, नौदलातून बाहेर पडलेला, मदतीला आपणहून आलेला माणूस. सिलिंडर पोचवून परत येत होता. १० जुलैपर्यंत सगळी मुलं बाहेर आली.

परत जिनीत येऊया. आम्ही बाहेरच्या उजेडापर्यंत आलोय, वर नदीचं पाणी चहासारखं तांबूस दिसतंय. ६ मीटरवर थांबायचं, डिकोसाठी, म्हणजे खोलवर अंगात मुरलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून, शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. हाच सिलिंडर खोलवर चुकून तोंडात गेला तर झटके येऊन माणूस बुडतो, म्हणून त्यावर हा भला मोठा ६ आकडा चिकटवलाय. मी आकडा जोडीदाराला दाखवतो. तो आकडा बघतो, माझी खोली बघतो, होज कुठून येतेय ते हाताने चाचपून बघतो आणि मग मान हलवतो. तोवर मी रेग्युलेटर बदलत नाही. मग तो त्याचा दाखवतो, मी बघतो.

पायऱ्यांपाशी आलो तेव्हा माझा गेज १०० वर होता, त्याचा ९० वर.