दुधाळ नळी

(दृश्य : अंबाजोगाई. पहाटेचा रस्ता, लॅबचे अर्धे उघडलेले शटर.)

सकाळी सातला या लहानशा लॅबचे शटर उघडते, तेव्हा केज आणि धारूरकडून पहिल्या एसटीने आलेली माणसे पायरीवर बसलेली असतात. त्यांच्या हातातील चिठ्ठीवर ‘लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी’ असे लिहिलेले आहे, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी. काही खाल्ले का, असे तंत्रज्ञ प्रत्येकाला विचारतात. या काकू म्हणतात, “उपाशीच हाय की. एकादस हाय आज, उसळ तेवढी खाल्लीय.” साबुदाण्याची उसळ शेंगदाण्याच्या कुटासह पोटात गेल्यावर रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी काही तास चढलेलीच राहते, म्हणून काकूंना पुन्हा यावे लागणार आहे. उपवास आणि उपाशीपोट यांतला हा फरक चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही, लिहायला हवा.

(दृश्य : कंबरेभोवती टेप.)

आलोच आहोत तर कंबर मोजून घेऊ, असे काकूच म्हणाल्या. भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक आणि पुरुषाचा ९० किंवा अधिक असणे, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या आणि स्त्रीत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाचा एकत्रित बिघाड, म्हणतात. टेपवर ९४ हा आकडा दिसतो आहे.

(दृश्य : सेंट्रिफ्यूज थांबतो. दोन नळ्या शेजारी शेजारी.)

सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्यानंतर तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर सीरम, म्हणजे रक्तातील पातळ द्रव, उरते. डावीकडच्या नळीतील सीरम फिकट पिवळे व नितळ आहे. उजवीकडच्या नळीतील ताकासारखे पांढरे दिसते. तो पांढरेपणा ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या मोठ्या कणांचा आहे. या रुग्णाचा आकडा ६४० आला आहे. ५०० च्या पुढे गेल्यावर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो, म्हणून येथे ट्रायग्लिसराइड उतरवणारे फेनोफायब्रेट द्यावे लागते, आणि दारू असेल तर ती बंद करावी लागते.

आमचा कॅमेराही याच नळीवर बराच वेळ थांबला. मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचणारे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, इतक्या बारीक कणांचे असते की ते कितीही वाढले तरी सीरम नितळच दिसते. पोटाची चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी झाली की फॅटी ॲसिड सतत रक्तात सोडत राहते, यकृत त्यापासून ट्रायग्लिसराइड बनवून पुढे पाठवते, आणि याच उलाढालीत एचडीएल घटून एलडीएलचे कण लहान व दाट होतात. अहवालात एलडीएल १०५ दिसले, तरी कण संख्येने जास्त असू शकतात. म्हणूनच एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरणारा आकडा पाहावा, असे डॉक्टर सांगतात. आणि नितळ नळीच्या मालकालाही पहिली गोळी बहुधा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचीच लिहून देतात.

(दृश्य : शिळ्या भाकरीवरची निळसर बुरशी, अगदी जवळून.)

स्टॅटिनचा जन्म बुरशीतून झाला. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१ पासून टोकियोतील सांक्यो कंपनीत सुमारे ६,००० बुरशीजन्य नमुने तपासले. क्योटोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या पेनिसिलियममधून त्यांना कॉम्पॅक्टिन हा पदार्थ मिळाला. उंदरांवर त्याचा उपयोग होईना, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तो देऊन पाहिला गेला आणि त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. त्या कोंबड्या नसत्या तर हे संशोधन कदाचित तिथेच गुंडाळले गेले असते. या कुळातील लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर (एन्झाइम) ही औषधे अडवतात; मग तुटवडा भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल ओढून घेऊ लागते. हे एलडीएल ओढून घेणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले.

(दृश्य : मेडिकलचा काउंटर, कात्रीने कापलेली दहा गोळ्यांची पट्टी.)

ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन दिवसा किंवा रात्री केव्हाही घेता येतात. मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल साधारण सहा टक्क्यांनीच अधिक उतरते, म्हणून कमी पडल्यास आतड्यातील शोषण रोखणारे इझेटिमाइब जोडतात. स्नायू फार दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणाचा बेत असेल तर आधीच सांगावे.

काउंटरवरचे मामा दहाच गोळ्या मागत आहेत. “मागचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता कशाला जास्ती?” तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला होता. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पूर्वीच्या जागी जाते, आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोकाही परततो.

(दृश्य : काकू, लॅबच्या भिंतीवरचे कालनिर्णय.)

काकूंना पुढच्या गुरुवारी बोलावले आहे. त्या दिवशी कोणता उपवास येत नाही ना, हे त्या स्वतःच बोट ठेवून पाहत आहेत.