देठाला हात लावू नका

पत्रिकेत विषय 'घरच्या मिरचीची वर्षभराची साठवण' असा छापला आहे. साठवणीकडे वळूच, पण आधी देठ. मिरची तोडून आणली की घरोघरी पहिलं काम काय? टीव्हीसमोर बसून देठ खुडायचे आणि मग ती उन्हात टाकायची. नेमकं उलटं!

मिरचीच्या सालीवर मेणचट थर असतो, पाणी त्यातून सावकाश निघतं. आत पोकळी, पोकळीत ओली पांढरी शीर आणि बिया. देठ म्हणजे त्या पोकळीचं बूच. ओलेपणीच ते उपटलंत की बुरशीला आत जायला वाट मिळते. बाहेरून मिरची लालभडक, कडकडीत. मोडून पाहिली तर आत करडी-काळी भुकटी. अशा मिरचीतली अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते, आणि ते भाजल्या-परतल्याने पुरतं जात नाही. 'तेलावर परतली की झालं' असं मानणारी मंडळी इथेही असतील, हसताय त्यावरून कळतंच आहे. वाळल्यावर, कांडायच्या आदल्या दिवशी देठ खुशाल काढा. तेव्हा ते पटकन तुटतातही. आणि तिखटपणा मुख्यतः त्या शिरेत असतो, बियांत नव्हे. बिया झटकून मिरची सौम्य केल्याचं समाधान मानणाऱ्यांसाठी हे जाता जाता.

आता तोडणी. पूर्ण लाल होऊन झाडावरच सुरकुतायला लागलेली मिरची तोडा. अर्धीकच्ची वाळवली तर पांढरे डाग पडतात. कच्च्या आल्याच, तर एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवा, रंग चढतो. मग खाटेवर किंवा जाळीवर एकेरी थर, म्हणजे खालूनही वारा लागेल. प्लास्टिकच्या कागदावर खालची बाजू घामेजते. संध्याकाळी गोळा करून झाकायची. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानात वाळत घातलेल्या मिरचीवर, अवकाळी पाऊस पडला की बातमी होते. गच्चीवर दव तेच नुकसान गुपचूप करतं.

लवंगी, संकेश्वरी, ज्वाला या पातळ सालीच्या. चांगल्या उन्हात आठ ते पंधरा दिवसांत वाळतात. चार किलो ओलीची साधारण किलोभर होते. भावनगरी, हालापिनो जाड सालीच्या, उन्हात अख्ख्या सहसा नीट वाळत नाहीत. उभ्या चिरा आणि ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंशांवर ठेवा. फार तापवलंत तर रंग काळवंडतो.

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, साठवण.

मिरची वाळली का, हे ती गार झाल्यावर तपासा, गरम असताना ती मऊच लागते. मोडताना कट्‌कन आवाज हवा, हलवल्यावर बिया वाजायला हव्यात. मग आठवडाभर काचेच्या बंद बरणीत ठेवा. काचेला आतून ओल धरली तर पुन्हा ऊन. किड्यांसाठी घट्ट पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी गार असताना उघडू नका, मिरचीवर पाणी जमेल. रंग उजेडाने आणि हवेने उडतो, म्हणून डबा अंधारात आणि मिरची अख्खी. तिखट दोन-तीन महिन्यांपुरतंच कांडा. हिंगाचे खडे जरूर टाका, पण दमट तिखट हिंगाने वाचत नाही.

ओली मिरची आणि लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू तिथेच वाढतात. तशी चटणी केलीत तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

हात जळजळले तर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं जळजळ करणारं द्रव्य, निघत नाही.