‘मॅनोस’: खताच्या विक्रेत्याने पैजेवर काढलेला भयपट

(पडद्यावर: रात्रीचा रस्ता, पोलिसांची गाडी)

नमस्कार मंडळी. हा प्रसंग जरा नीट बघा. रात्र आहे. लांब कुठेतरी गोळी झाडल्याचा आवाज येतो. दोन पोलीस गाडीतून उतरतात. हातात टॉर्च, चेहरे गंभीर. चार पावलं पुढे येतात, अंधारात बघतात, आणि परत जाऊन गाडीत बसतात. झाला तपास!

आता पोलीस आळशी होते असं नाही. उजेड संपला होता. शूटिंगसाठी आणलेले दिवे जेमतेम तेवढ्याच जागेपुरते होते. बिचारे आणखी पुढे आले असते, तर पडद्यावर नुसता काळोख दिसला असता.

सिनेमाचं नाव ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’. १९६६ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासो शहरात काढलेला. जगातल्या सर्वांत वाईट सिनेमांच्या याद्यांमध्ये याला कायम मानाचं पान असतं. भीती म्हणाल तर औषधालाही नाही. तरी लोक तो पुन्हा पुन्हा बघतात. मीही बघतो. आणि कशासाठी, तर त्या पोलिसांसाठी. म्हणजे, एखादी गोष्ट अशी विचित्र का दिसतेय, याचं कारण पडद्यावरच सापडतं ना, त्यासाठी.

तर, हॅरोल्ड वॉरन नावाचे एक गृहस्थ होते. विमा आणि खतं विकायचे, हौशी नाटकांत काम करायचे. त्यांची ओळख झाली स्टर्लिंग सिलिफंट या पटकथाकाराशी. ‘इन द हीट ऑफ द नाइट’साठी पुढे ज्यांना ऑस्कर मिळालं, तेच हे. बोलता बोलता वॉरन म्हणाले, भयपट काढणं म्हणजे काय मोठं? मी एकटा काढून दाखवतो. लागली पैज! कॉफी शॉपमधल्याच कागदी नॅपकिनवर त्यांनी कथेची जुळवाजुळव सुरू केली. लेखक वॉरन, दिग्दर्शक वॉरन, निर्माता वॉरन, आणि नायकही वॉरनच. एकूण खर्च साधारण १९,००० डॉलर. नटांना द्यायला पैसे नाहीत, म्हणून नफ्यातला वाटा देण्याचं आश्वासन. नफा किती झाला असेल ते तुम्हीच ओळखा.

आता कॅमेरा. इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. १६ मिलिमीटरचा, हाताने चावी देऊन चालवायचा कॅमेरा. एकदा चावी दिली की जास्तीत जास्त ३२ सेकंद चालणार. आणि आवाज? तो रेकॉर्डच होत नाही. सगळे संवाद नंतर स्टुडिओत बसून, मोजक्याच लोकांनी, सगळ्यांच्या वतीने म्हणायचे.

एवढं डोक्यात ठेवून सिनेमा बघा. माणसं वाक्य बोलून एकमेकांकडे बघत का उभी राहतात? कारण कॅमेऱ्याची चावी संपेपर्यंतचं सगळंच वापरून टाकलंय. वाक्य तोंडापेक्षा उशिरा का येतं? कारण ते वेगळ्याच दिवशी, कदाचित वेगळ्याच माणसाने म्हटलंय. रात्रीच्या प्रसंगात नटांच्या चेहऱ्याभोवती पतंग का भिरभिरतायत? कारण आसपास तेवढाच एक झगझगीत दिवा होता आणि जमले सगळे तिथे. सुरुवातीला गाडी चाललीय, चाललीय, संपतच नाही, ते का? तिथे श्रेयनामावली यायची होती. ती आलीच नाही. युनिटमधलं कुणी काही खटकलं म्हणून सांगायला गेलं, की वॉरन म्हणायचे, ते लॅबमध्ये दुरुस्त होईल. लॅब बिचारी काय करणार!

कथा एका दमात सांगतो. नवरा, बायको, छोटी मुलगी आणि कुत्रा फिरायला निघतात, रस्ता चुकतात, माळरानावरच्या एका घराशी येतात. तिथे एक राखणदार असतो. त्याचा मालक म्हणजे कुणा काळ्या देवतेचा भक्त, बायकांचा अख्खा ताफा बाळगून असलेला. पुढे त्या बायका पांढऱ्या गाउनमध्ये वाळूत एकमेकींशी कुस्ती खेळतात. खूप वेळ. हा भाग कंटाळवाणा आहे, उगाच कशाला खोटं बोलू. आणि शेवटी त्या लहान मुलीचं जे होतं, ते बघून मला हसू येत नाही, घाण वाटते.

पण तो राखणदार! टॉर्गो.

(पडद्यावर: टॉर्गोची चाल)

हे बघा. हातात काठी, सुजल्यासारखे भलेमोठे गुडघे, आणि एकेक पाऊल टाकताना होणारे हाल. तो चालायला लागला की तीच एक धून वाजते, दर वेळी. खरं तर तो सॅटर आहे, ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड. पॅन्टच्या आत बोकडाच्या पायांचा आकार यावा म्हणून सांगाडा बसवलाय. पण हे अख्ख्या सिनेमात कुणी म्हणून दाखवत नाही! त्यामुळे आपल्याला दिसतो तो फक्त गुडघे दुखणारा एक दीनवाणा माणूस. जॉन रेनॉल्ड्स या नटाने तो मनापासून केलाय. थरथरणारे हात, सतत फडफडणाऱ्या पापण्या, अडखळणं... बाकीचे वाक्यं म्हणत असतात, हा मात्र भूमिकेत शिरलाय. प्रीमियरला महिना उरला असताना रेनॉल्ड्स गेला. आपलं काम पडद्यावर झालेलं त्याने पाहिलंच नाही.

दुसरा मनापासून राबलेला माणूस टॉम नेमन. मालकाची भूमिका त्याची. मालकाच्या अंगावर मोठ्या लाल हातांचं चित्र असलेला काळा झगा आहे ना, तो त्याच्याच डोक्यातून आलेला. भिंतीवरचं चित्र त्याचं, कुत्रा त्याचा, आणि सिनेमातली छोटी मुलगीही त्याचीच, जॅकी.

१५ नोव्हेंबर १९६६. एल पासोचं कॅप्री थिएटर. वॉरननी थाटात लिमोझिन भाड्याने आणली. एकच. चार कलाकार उतरले की गाडी वळसा घालून उरलेल्यांना आणायला जायची. मग सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक हसायला लागले. जॅकीने पडद्यावर तोंड उघडलं, तर आतून भलत्याच बाईचा आवाज! पोरगी रडायलाच लागली.

त्यानंतर सिनेमा जवळपास गडप झाला. जानेवारी १९९३ मध्ये ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमाने तो उकरून काढला. पडद्याच्या खाली एक माणूस आणि दोन रोबो बसून टोमणे मारतात, तो कार्यक्रम. तिथून टॉर्गो घराघरांत पोचला.

आता काही जण म्हणतील, मग मुद्दाम वाईट काढलेले भयपटही आहेतच की. आहेत, पण ते प्रेक्षकाला डोळा मारत काढलेले असतात. तिथे गंमत कुठे आणि किती, हे आधीच ठरलेलं. वॉरनना खरोखर घाबरवायचं होतं. त्यामुळे चूक कुठून कशी उगवेल याचा नेम नाही, आणि मला तर त्या चुकीमागची धावपळही दिसते. भाड्याचा कॅमेरा परत करायचाय, नटांना नोकऱ्या आहेत, उजेड कमी आहे, आणि तरी कुणीतरी म्हणतंय, चला, पुढचा शॉट.

२०११ मध्ये बेन सोलोवी या छायाचित्रणकाराच्या हाती या सिनेमाची मूळ १६ मिलिमीटरची कामचलाऊ प्रत (म्हणजे संकलन करताना वापरतात ती, वर्कप्रिंट) लागली. लोकांकडून वर्गणी गोळा करून त्याने ती फ्रेमन् फ्रेम साफ केली. इतकी वर्षं आपण धुरकट प्रती बघत होतो. आता रंग असे उठून दिसतात की पतंगसुद्धा एकेक मोजावेत.

पहिल्यांदा बघणार असाल तर टोमण्यांची आवृत्ती बघा, मित्रांना घेऊन. एकट्याने बघाल तर गाडी चाललीय तिथेच झोप लागेल. साफ केलेली प्रत नंतरची, टॉर्गो आवडला तरच. आणि आवडलाच तर खाली कमेंटमध्ये लिहा, कुठल्या शॉटला. माझा आधीच ठरलाय: तो सामान उचलून आत नेतो ना, तो. भेटू पुढच्या व्हिडिओत.